पूर्वपक्ष

नववी ब. अडतीस वह्या, एक कापडी पिशवी.
विषय मीच दिलेला : आमच्या बेटाला पूल हवा.
छत्तिसांना पूल हवाच होता.
एकाला निबंधच नको होता.
राहिली दीक्षिता मयेकर.

पहिल्या खेपेला तिनेही लिहिलं इतरांसारखंच :
'सर्वांना ठाऊकच आहे', 'निःसंशय', 'काळाची गरज'.
मी लाल फुल्या मारल्या. म्हटलं,
निःसंशय लिहावं लागतं
तिथेच संशय दबा धरून असतो, बाय.
'सर्वांना' खोड. कोणाला, ते सांग.

दुसऱ्या खेपेला तिने मामीला आणलं.
रात्रीचा दीड, शेवटची फेरी केव्हाच गेलेली,
मामी धक्क्यावर, पोट धरून,
पलीकडे नार्वेला एकशेआठचा दिवा गरगरतोय
आणि मधे दोनशे पावलांचं पाणी.
होडी सापडेपर्यंतचं सगळं तिने
एका वाक्यात लिहिलं, स्वल्पविरामही न देता.
मी चष्मा पुसला
आणि समासात शेरा टाकला :
करुण रस प्रभावी. पुरावा?
(माझंच अक्षर. आता वाचवत नाही.)

मग फळ्यावर लिहिलं : पूर्वपक्ष.
समोरच्याचं म्हणणं असं मांडा
की तोच म्हणेल, हो, हेच तर म्हणायचं होतं,
मला एवढं जमलं नसतं.
खोडायचं ते त्यानंतर.
बुजगावणं उभारून त्यालाच धोपटायचं,
हा वाद नव्हे, व्यायाम.
वर्ग हसला. तिने उतरवून घेतलं.

समोरचा तिला लांब शोधावा लागला नाही.
जेवायला बसला होता. खाकी शर्ट, नखांत ग्रीस,
फेरीवरचा खलाशी, एकोणीस वर्षं
तीच लोखंडी फळी टाकतो, तीच उचलतो.
तिने विचारलं, पप्पा, पूल नको तर का नको?
नोकरीचं सांगू नका, तो स्वार्थ झाला,
टीचर मार्क कापतील.

तो बराच वेळ बांगड्याचे काटे बाजूला काढत राहिला.
मग म्हणाला :
'फेरी रावता, बाये. पूल कोणाखातीर रावतलो?'

तिसऱ्या खेपेची वही आज पिशवीत सर्वांत वर.
सव्वादोन पानं नुसता पूर्वपक्ष.
कोण कोण ओरडत उतारावरून आलं
आणि कोणासाठी फळी परत खाली पडली :
पाववाल्याची सायकल,
गुडघे धरून चालणारी फ्लोरिना मावशी,
हॉलतिकीट विसरून घरी पळालेला एक दहावीवाला,
आणि 'आमच्या शाळेच्या एक टीचर,
ज्यांची पिशवी नेहमी जड असते'.

साक्षीदार म्हणून मला
कोणी असं न विचारता उभं केलं नव्हतं.

त्याखाली अधोरेखित : खंडन.
त्याखाली कोरं पान.

खंडन मला येतं. एका ओळीचं आहे :
त्या रात्री दीडला फेरी कोणासाठी थांबली?
बिनतोड. तिच्याच मामीचं. तिला सुचलं नसेल?
शेवटच्या खेपेची फळी त्या रात्री
कोणी उचलली होती, ते मी विचारलेलं नाही.
निबंध घरात मोठ्याने वाचला जातो त्यांच्याकडे.
एवढं मात्र मला माहीत आहे.

लाल पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
घंटा कधी झाली कळलंच नाही.
उतारावरून धावत सुटले,
'थांबा!' म्हणायलाही दम नव्हता,
तर फळी निम्मी वर जाऊन थांबलेली.

तो काही बोलला नाही. मधल्या पाण्यात,
इंजिनाच्या आवाजावरून, साखळी धरून :
'टीचर, आमच्या बायचो निबंध कसो जाला?'

तपासतेय अजून, म्हटलं.
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.