नारळाच्या पाठीवर

इकडे बस, नसराता. मान वळव.
पाणी नको म्हटलं ना,
तेल पाण्याचं ऐकत नाही.
हे खोबरेल घे फडक्यावर,
हलकेच टिपून काढ. घासू नकोस.
त्या तेलाला तेलच उतरवतं.

केवढी लाल झालीस!
करंगळीएवढी बाटली
अर्धी ओतलीस मानेवर,
का, तर मुत्सामुदूहून संध्याकाळी
नवऱ्यामुलाची माणसं येणार.
फुलं गोड, म्हणजे तेलही गोडच,
असं वाटलं तुला.
मलाही वाटायचं.

तुला फक्त फुलं माहीत.
बांबाओच्या उतारावर उजाडायच्या आत
वाकवलेल्या फांद्यांवरून बायका खुडतात ती,
पिवळी, खेकड्याच्या पायांसारखी लोंबती.
तांब्याच्या भट्टीजवळची रात्र नाही माहीत.
म्हातारा सोइलीही लाकडं सारायचा,
मी थंड पाण्याची धार बघायची.
गोणीच्या गोणी आत जायच्या
आणि नळीच्या टोकाशी
पिवळसर, चिवट,
एवढंसं काही जमायचं.
ओच्यात मावतील इतकी फुलं
तू एका दमात अंगावर घेतलीस, पोरी.
झाडसुद्धा इतका वास एकदम सोडत नाही.
रात्रभर पुरवून पुरवून सोडतं.

रडू नकोस. डोळ्यांना हात लावू नकोस त्या बोटांनी.

माझे हात बघ.
नाही, नीट बघ, लाजायचं काय त्यात.
वीस वर्षं मी उघड्या हातांनी बाटल्या भरल्या.
बाजारात बायका म्हणायच्या,
एशाती आली, न बघताच कळतं.
मी मिरवायची.
एकविसाव्या वर्षी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली,
मग पुरळ, मग भेगा.
दवाखान्यातली नर्स म्हणाली,
कातडीनं ह्या तेलाचं नाव पाठ केलंय,
आता ती विसरणार नाही.
मी हसले होते.
कातडी काय शाळेत जाते?

नाहीच विसरली.
तुझ्या आईच्या लग्नात
तिच्या केसांत फुलं माळली ती शेजारणीनं.
सख्खी बहीण मी,
तोंडाला चंदनाचा लेप फासून
अंगणाच्या टोकाला बसले होते,
भांडून बसल्यासारखी.
लोकांना तसंच वाटलं.

असो. तो मोठा चमचा आण.
खोबरेल काठोकाठ.
बाटली मी धरणार नाही, तू धर.
तिरपी कर. अजून थोडी.
एक.
थांब, घाई नको, तो आपणहून सुटू दे.
दोन.
पुरे.
पुरे म्हटलं ना!

एवढंच? म्हणे एवढंच.
चढणीवर लवंगांचं पोतं एकटीनं उचललंस
तर मान मोडते,
चौघींनी धरलं तर गप्पा मारत घर येतं.
नारळाचं काम तेवढंच.
त्याला वासाचं कौतुक नाही,
तो नुसता पाठ देतो.

आज मात्र लावायचं नाही हेही.
मानेची आग निवू दे, दोन-चार दिवस जाऊ देत.
मग कोपराच्या लवणीत एक टिकली,
आणि पुरता एक दिवस वाट बघायची.
काही झालं नाही तर मग मनगटावर, मानेवर.
खाजलं तर नाही लावायचं, संपलं.
लग्न लागतं वासाशिवायही.
नवऱ्याला नाक असतं तसे कानही असतात,
चार गोष्टी बोल त्याच्याशी.

संध्याकाळी त्या लोकांसमोर ओढणी घे सैलशी.
विचारलंच तर सांग, मावशीनं चटका दिला.
माझ्या नावावर खपेल.

आणि ती कोपऱ्यातली बकरी ओढ इकडे,
खोवणी गं, खोवणी.
तिची जीभ पूस आधी, गंजली असेल.
तीन नारळ खोव, दूध काढू, आटवू,
घरात खोबरेल कमी पडता कामा नये आता.

बाटलीचं झाकण घट्ट लाव.
वरच्या फळीवर ठेव, अंधारात.
नाही, दार नको लावूस.
राहू दे उघडं जरा.
लांबून चालतो मला.