कान दिसू देत

नखीलच्या दुसऱ्या गल्लीत माझा स्टुडिओ.
पांढरा पडदा, एक स्टूल, खिळ्याला कंगवा.
हनुवटी वर. हसू नका. कान दिसू देत.
एकवीस वर्षं हीच तीन वाक्यं,
व्हिसाला लागतील तेवढेच चेहरे.

मौझा आली ती म्हणाली,
माणूस नसलेला फोटो हवा.
शनिवारी, ओहोटीला, खाडीवर.

उजाडायच्या आधी खारफुटीपाशी गाडी लावली.
खेकड्यांची बिळं, आणि पावलाखाली
कुरकुरणारा शिंपल्यांचा उंचवटा.
टेकडी वाटते, म्हणाली, पण वाऱ्यानं केलेली नाही.
एकेक शिंपला कुणीतरी उघडून,
आत काही नाही म्हणून, फेकलेला.

तिच्या मोबाईलात जुन्या वहीचं पान.
बोट ठेवून वाचलं:
मरझूक. पाणबुड्या. देणं अठ्ठ्याण्णव रुपये.
बापाचं नाव नाही. गाव नाही.
रुपये? मी विचारलं.
हो, तुमचेच. तेव्हा इथे तेच चालायचे.

मग तिनं पायाला दगड बांधला,
नाकाला शिंगाचा चिमटा लावला
आणि दोरीचं टोक मला दिलं.
काथ्याची दोरी. वास थेट हर्णैच्या बंदरातला.
अठ्ठ्याण्णव मोज, मग ओढ.
तोवर शटर उघडं ठेव.

ती गेली. पाणी मिटलं.
एका हातात बटण, एका हातात बाई.
मी मराठीत मोजत होतो.
चाळीसला बगळा उतरला.
पन्नासला दोरी सैल पडली.
एकोणसाठ, साठ,
आणि एकसष्टला मी ओढलं, दोन्ही हातांनी,
ट्रायपॉड माझ्याच लाथेनं कलंडला.

खोकत वर आली, ओठ निळे.
रागावली नाही. चिमटा काढून थुंकली,
म्हणाली, सदतीस बाकी.

फोटोत खाडी नाहीच. तिरकी दुधी रेघ,
कोपऱ्यात काहीतरी तपकिरी:
दोरी असेल, नाहीतर माझा अंगठा.
तिनं तोच ठेवला.
ओढणाऱ्याला काय म्हणायचे, मी विचारलं.
सैब, म्हणाली. त्याचंही देणं असायचं,
पुढच्या पानावर. ते पान मिळालं नाही.

दुपारी दुकान उघडलं.
बाकावर मुलतानचा एक पोरगा,
केस ओले करून, हेल्मेट मांडीवर.
बटणावर बोट ठेवलं तर
तळव्यातला काथ्याचा वळ चुरचुरला.
त्यानं श्वास धरून ठेवला होता.
सोड, म्हटलं. सोड रे आधी.
मग दाबतो.