मोजणी

फाटकाला कुलूप नाही, सुतळीची गाठ आहे.
ती हिरामण भोये सोडतो, हिरामणच बांधतो.
गाठ निराळी दिसली की त्याला कळतं,
रात्री कुणी आत येऊन गेलं.

सव्वा एकर. त्र्यंबकच्या रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही.
खाली वळणावर कणसं भाजणाऱ्यांचा धूर,
वर कातळावर बोटभर माती,
आणि तिच्यात, गवताच्याच पात्यांत, गवतासारखंच
कंदीलपुष्प.
"बसून बघा मॅडम. उभ्या माणसाला ते दिसत नाही."

बसते. गुडघे ओले होतात.
फिकट हिरवी नळी,
वर पाच पाकळ्या शेंड्याशी जुळलेल्या,
आत एक माशी.
नळीतले केस खाली वळलेले; ती शिरली, आता निघणार नाही.
उद्या केस सुकतील, फूल मान टाकेल,
पाठीवर पराग लादून तिला सोडून देईल.
"एका रात्रीची कोठडी," हिरामण म्हणतो,
"चहापान त्यांचंच."

मागल्या साली एकेचाळीस होती.
औंदा सदतीस.
दोन वानरांनी उपटली.
एक बुटाखाली. चिखलात ठसा अजून कोरा आहे,
नक्षी इतकी सुबक की कंपनीचं नावही वाचता यावं.
चौथ्याच्या जागी नुसता खड्डा
आणि खड्ड्याच्या काठावर
काळं-पांढरं पीस म्हणावं असा काटा.

"साळिंदर," हिरामण काटा कानामागे खोचतो.
"कंद खातं. हाकलायचं कसं?
फाटकावरच्या पाटीवर त्याचंबी नाव हाय."

पाटी मीच लिहून दिली होती, नाशिकला, पंख्याखाली बसून:
दुर्मिळ वनस्पती व वन्यजीव.
तो 'व' तेव्हा किती सोपा वाटला होता.

धुकं उतरतं. सातपूरचे दिवे असतील त्या बाजूला
आता काहीच नाही.
हिरामण खड्ड्यात बोटं घालून चाचपतो,
उरलेला नखाएवढा तुकडा परत पुरतो,
माती थापटतो, झोपलेल्या पोराला थापटावं तशी.
मग, माझ्याकडे न बघता:
"बकऱ्यांमागं असताना आमीबी हेच खनून खायचो.
पोटभर. कुनाला ठावं होतं."

कसे लागायचे?

"गोड. पानीदार." थोडं थांबून,
"लई गोड."

वहीत चौथ्यापुढे कारणाचा रकाना.
मी लिहिते: भूक.
तो अक्षर अक्षर जोडून वाचतो.
"सायबाला चालंल?"

आणि सुतळी हातात घेऊन
गाठ मारायची विसरून
तसाच उभा राहतो.