झाकण

बातमी द्यायला फोन पुरला असता.
तरी मी त्सुबामेपर्यंत गाडी हाकत गेले.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना मार्चमधला बर्फ,
कितीही धुतली तरी कळकट राहणाऱ्या चादरीसारखा.

होन्मा तोकुजी साचे घडवतात.
त्यांचे वडील चमचे घडवायचे;
हे आमच्या गेम कन्सोलचं अंग घडवतात, पोलादात, उलटं.
मी कागद पुढे सरकवला. दोनच ओळी:
मागचा पोर्ट रद्द.
जुने खेळ नव्या यंत्रावर चालणार नाहीत.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाचलं,
चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचलं.
"म्हणजे भोक बुजवायचं?"
"हो."
"सायेकी-सान, तुमच्याकडे जे भोक
ते माझ्याकडे उंचवटा आहे.
तासायला अर्धा दिवस.
पण मग प्लास्टिकचा रस वेगळा वाहील, पाठ खचेल,
चाचण्यांना तीन आठवडे."
तीन आठवडे कुणाकडेच नव्हते.
"मग राहू दे भोक," ते म्हणाले, "झाकण करू."

नसलेल्या गोष्टीसाठी एक नवा साचा.
बावीस मिलिमीटर बाय सहा.

(मागच्या शरद ऋतूत, तोक्योत,
मोठ्या पडद्यावर हाच पोर्ट हत्तीएवढा दिसला होता.
साहेब म्हणाले, तुमचं जुनं काहीही वाया जाणार नाही.
टाळ्या पडल्या.
मी सतराव्या रांगेत, हात मांडीखाली दाबून;
स्वतःसाठी कशा वाजवायच्या?)

आणि चालत होतं ते. हे लिहून ठेवते,
कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.
पहाटे दोनला, टेबलावर वायरींचा शेवयांसारखा गुंता,
वीस वर्षांपूर्वीची मोटार वळणावर घसरली,
सावरली, पुढे गेली,
आणि साकाकी मोजे घालूनच टेबलाभोवती नाचला.

नगामागे तीनशे चाळीस येन.
दोन ओनिगिरी येतात तेवढ्यात, आणि वर चहा.
पत्रकात छापलं: पुढे विचार करू.
'विचार करू' म्हणजे काय
ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

साकाकी आता भाताच्या कुकरचे आवाज बनवतो.
भात झाला की वाजतं ते. बरं चाललंय म्हणतो.

डिसेंबरात सेंदाईला, बहिणीकडे.
कोतोहाने खोका फोडला, यंत्र पालथं केलं
(सगळे पडद्याकडे बघतात, ही पाठीकडे)
आणि नखाने झाकण उचकटलं.
"इथे काय राहतं?"

मी तोंड उघडलं.
तीन वर्षं होती त्यात, बोलायला सुरुवात कुठून करणार.
बहीण म्हणाली, "काही नाही, तसंच असतं ते."

खालचा दात पडला तर छपरावर फेकायचा,
वरचा पडला तर घराखाली.
पण नवव्या मजल्यावर घराखाली
मोरिया आजोबांचं घर.
कोतोहाने आठवडाभर डबीत जपलेला वरचा दात
त्या भोकात ठेवला,
हलवून पाहिला, झाकण लावलं.
खटका वाजला.

त्या रात्री होन्मांना फोन केला.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी, दाताचंही.
मग बराच वेळ पलीकडे नुसतं लेथचं घुमणं.
"झाकण डगमगतंय का?"
"नाही."
"हं," म्हणाले,
आणि फोन ठेवला.