बारा गोगलगायी

मनाम्यात, हूऱ्याच्या दातांच्या दवाखान्यात
खाऱ्या टाकीला हिरवे केस फुटले होते,
खडकावर, पंपावर, काचेवर.
डॉक्टर मर्झूक म्हणाले, औषध टाक.
मी बारा गोगलगायी सोडल्या.

दिवे गेले की त्या निघायच्या.
सकाळी काचेवर वाटा,
थुंकी लावून पाटी पुसल्यासारख्या.
एक मात्र रोज उताणी,
तिला आपलं आपण वळता येत नाही.
कोपरापर्यंत हात बुडवायचो.
बाहीवर मीठ वाळायचं.

दीड महिन्यात काच लख्ख.
डॉक्टर खूश. म्हणाले,
आता यांचं इथे काय काम?

खालच्या दुकानातून
वाळक्या शेवाळाचं पाकीट आणलं,
चिमट्याने काचेला अडकवलं.
पावती
दवाखान्याच्या नावाने घेतली नाही.