नव्वद

नव्वद मिनिटं संपली की माझी ड्युटी सुरू होते.
शिट्टी वाजते, मी आठ नंबरच्या मागे लागतो.
हातात अर्ज, गळ्यात पट्टा,
तोंडात एकच पाठ केलेलं इंग्रजी वाक्य :
आतापासून माझ्या नजरेआड व्हायचं नाही.

फुजैराचं स्टेडियम, डोंगराला पाठ टेकून बसलेलं.
रात्रीची हवासुद्धा घामेजलेली.
आठ नंबर म्हणजे क्वाबेना, घानाचा, वय बावीस,
आज जिंकून देणारा गोल त्याचाच.
आता मला त्याचे नव्वद मिली हवेत.

आणि त्याला होत नाही.
एवढं धावलेल्या माणसाचं पाणी
सगळं कातडीतून गेलेलं असतं.
तो बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करतो, मी झाकणं मोजतो.
भिंतीवर टीव्ही, त्यात तोच गोल
पुन्हा पुन्हा, मुक्यानं.

शेजारच्या खुर्चीवर हरलेल्यांचा डावा बॅक होता,
कल्ब्याचा पोरगा, हमदान.
सामन्याच्या आठवड्यात बापाच्या होडीवरही जात नाही म्हणाला.
पाच मिनिटांत काम उरकून, सलाम करून गेला.
खुर्ची अजून ओली आहे.

साडेदहाला क्वाबेना म्हणतो, अंकल,
भावाचं लग्न होतं. गावी. बारा दिवस झाले.
सगळ्यांनी ओढली, मीही ओढली.
धुरानं काय गोल होतो?

होत नाही, बाबा. धुरानं झोप येते.
मध्यंतरात चार नंबरच्या गुडघ्यात सुई गेली,
दार उघडं होतं, मला दिसली.
ती यादीत नाही. बधिर पाय घेऊन तो उरलेला खेळ खेळला
आणि टाळ्या घेत लंगडत गेला.
पण हे मी बोलत नाही. मला बोलायचं नसतं.
आणि त्या ओल्या खुर्चीला तरी काय सांगू?

माझ्या खोलीत वासू नाटेकर राहतो.
दोन दिवाळ्यांपूर्वी वहिनीनं अनारसे बांधून दिले,
पिठीसाखरेच्या डब्यात, जुन्या साडीच्या तुकड्यात.
विमानतळावर एकानं ते पांढऱ्या कागदावर झटकले.
दाणे सांडले. बारीक, निरागस, अफूच्या बोंडातले.
आमच्याकडे चारचौघांत हसू फुटलं
की खसखस पिकते, साहेब.
हे त्या टेबलावर कुठल्या भाषेत सांगणार?
आठ दिवसांनी वासू परत आला.
अजून झोपेत तो खिसे उलटे करतो.

त्याला कुणी दोन बाटल्या दिल्या नव्हत्या,
अ आणि ब,
एकीत दोष निघाला तर दुसरी उघडून बघू म्हणणाऱ्या.

पावणेअकरा. अंकल, चला.
शर्ट छातीपर्यंत, चड्डी गुडघ्यापर्यंत, बाह्या कोपरापर्यंत.
मला बघावंच लागतं, नियम आहे.
माझा थोरला याच वयाचा.
मी बघतो, आणि जमेल तेवढं कमी बघतो.

सत्तर.
वीस कमी.
पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी, पुन्हा तो गोल.
आता आम्ही दोघंही हसतो,
थोडी खसखस पिकते, पहारेकरी वळून बघतो.

बाराला पाच कमी असताना नव्वद भरतात.
तो स्वतःच्या हातानं झाकणं फिरवतो,
कट्, कट्, कट्,
आता ती फोडल्याशिवाय उघडायची नाहीत.
नाव नाही, फक्त नंबर.
उद्या थंड डब्यात बसून त्या बाटल्या विमानानं जातील
आणि विमानतळावर कुणी त्यांना
पांढऱ्या कागदावर झटकणार नाही.

अर्जाच्या तळाशी एक रकाना आहे : शेरा.
ऐकलेलं त्यात लिहायचं असतं.
माझं पेन तिथं बराच वेळ थांबतं.
क्वाबेना बूट हातात घेऊन बघत उभा,
पायात मोजे, डाव्याला भोक.

मी लिहितो : खेळाडूला वेळ लागला.
दोन तास दहा मिनिटं.
खाली सही करतो,
आणि ती माझी मलाच वाचता येत नाही.