छाट

पुण्याहून फॉर्म आलाय, अठरा पानी.
पान सातवर विचारलंय :
आपली संस्था परिणामकारक आहे, हे कशावरून?
खाली चार ओळींची जागा.

पेनचं टोपण चावत बसलेय.
बाहेर विडी घरकुलची दुपार, बेचाळीस अंश,
पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नाही.

काय लिहू?
की पहिली दोन वर्षं दवाखाना दहाला उघडायचा,
डॉक्टर वेळेवर, औषधं कपाटात शिस्तीत,
आणि बाकडी रिकामी?
तीन बैठका झाल्या. 'जनजागृती' हा शब्द
इतिवृत्तात अकरा वेळा आहे, मी मोजलाय.
मग फरशी पुसता पुसता नरसम्मा बोलली,
दहाला कोण येणार?
दहाला बाया कारखान्यात विड्या द्यायला उभ्या असतात.
रांग सोडली की दिवस गेला.

दुसऱ्या दिवसापासून तीनला उघडतो.
एवढंच.
हे कोणत्या रकान्यात बसवू?

किंवा अनसूया चिलकांचा अंगठा.
चाळीस वर्षं पानं वळून रेषाच झिजल्या,
यंत्र म्हणालं, अशी बाई नाही.
बाई तर समोर उभी, घाम पुसत.
आमचा इरेश तिच्यासोबत पाचदा कचेरीत गेला,
पाचव्यांदा साहेबच कंटाळले.
पेन्शन सुरू. लाभार्थी : एक.
रिक्षाचा खर्च ऑडिटरनं लाल केला.

कारखान्यात मुकादम वाकडी विडी बाजूला फेकतो,
तिला छाट म्हणतात. तिची मजुरी नाही.
आमच्याकडे येतात त्या बहुतेक
कुठून तरी छाट होऊनच येतात.
नरसम्मा दारातच म्हणते, रा अम्मा, कूर्चो.
आधी पाणी, मग नाव.
हे तिला कुणी शिकवलं नाही,
प्रशिक्षणाच्या दिवशी ती रजेवर होती.

आणि पोशम्मा कोंडा.
टीबीच्या गोळ्यांचा चौथा महिना.
एक सोमवार चुकला, म्हटलं येईल.
दुसरा चुकला, म्हटलं लग्नसराई आहे.
तिसऱ्या सोमवारी घरी गेलो तेव्हा
तिचं सूप भिंतीला टेकवलेलं होतं,
झटकून, रिकामं.
आता एक सोमवार चुकला
तर त्याच संध्याकाळी कुणीतरी सायकल काढतं.
हे आम्हाला पोशम्मानं शिकवलं,
पण पान सातवर प्रश्न यशाचा आहे.

पहिल्या ओळीत लिहिलं : आम्ही तीनला उघडतो.
पुढं सुचेना.
नरसम्मा कडी काढतेय, बाहेर चपला वाजतायत.
पंख्यानं पान उलटलं, आठवर गेलं.
राहू दे तसंच.
माठ भरलाय का बघून येते.